लाल बटणाची तार: विदर्भातल्या तंत्रशिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये शिकवणारे सर्व सर आणि मॅडम यांस

सादर नमस्कार.

मी पांढरकवड्यात गाड्यांचं वायरिंग करतो. आयटीआयला वायरमनचा ट्रेड केला, मग एका उस्तादाच्या हाताखाली सेल्फ-डायनामोचं काम शिकलो आणि बावीस वर्षांपासून माझं स्वतःचं दुकान आहे. नागपूर-हैदराबाद महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, आमच्या गावावरून जातो. ट्रॅक्टर, काळीपिवळी, पिकअप, लग्नाच्या मिनीबस, सगळं माझ्याकडे येतं. मला तुमची मदत हवी आहे. ती कशासाठी, हे नीट सांगायचं तर आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, एक मिनीबस दुकानात आली. तिच्या डॅशबोर्डखाली ट्रॅकिंगचं यंत्र बसवलेलं होतं. आमच्याकडे त्याला सगळे 'जीपीएसचा डबा' म्हणतात. आत प्रवाशांच्या सीटजवळ लाल बटणं होती. संकट आलं तर दाबायची. मालक वैतागलेला होता. "भाऊ, हे पयले बंद करून दे. दिवस नाई, रात नाई, मोबाईलवर इमर्जन्सीचे मेसेज येऊन राह्यले. कोणी बटण दाबत नाई तरी येतेत."

मी बटणं एकेक करून पाहिली. मागच्या सीटजवळच्या बटणाची तार उंदराने कुरतडली होती, एकाच तंतूवर लटकत होती. गाडी खड्ड्यात आदळली की ती सुटायची, पुन्हा चिकटायची. मी जे हॉर्नला करतो तेच केलं. तार कापली, टोकाला टेप गुंडाळली. हॉर्न असो, लाइट असो, वायपर असो, तार कापली की ती वस्तू बंद पडते. बावीस वर्षांत हातात तेच बसलं आहे.

मेसेज थांबले नाहीत. उलट आता ते एकसारखे यायला लागले. दुसऱ्या दिवशी मालक परत आला आणि मला म्हणाला, फ्यूजच काढून टाक. मी काढला. डब्यात स्वतःची छोटी बॅटरी असते, तिच्यावर तो काही तास चालला आणि मग गप्प झाला. मालक खूश झाला, माझे पन्नास रुपये देऊन गेला.

ती मिनीबस संध्याकाळी यवतमाळहून परत येताना कॉलेजच्या पोरी घेऊन यायची. माझी भाचीसुद्धा त्यातच असायची. नोव्हेंबर-डिसेंबरात साडेपाच-सहाला अंधार पडतो, रस्ता कपाशीच्या शेतांमधून येतो, मधे मधे गावही नाही. दोन महिने ती गाडी तशीच धावली. खिडकीजवळ लाल बटणं होती आणि ती कशालाच जोडलेली नव्हती. तार मी कापली होती.

मला हे कळलं तेव्हा गाडीचं पासिंग आलं होतं. यंत्र चालू असल्याशिवाय काम होणार नव्हतं. मालकाने ज्याच्याकडून डबा घेतला होता त्याने धंदा बदलला होता. यंत्रावर छापलेल्या नंबरवर फोन लावला तर इंग्रजी आणि हिंदीत 'एक दाबा, दोन दाबा' चालायचं आणि शेवटी फोन कटायचा. मी मोबाईलवर मराठीत शोधलं. जे आलं ते यंत्र विकणाऱ्यांच्या जाहिराती आणि हिंदीतले व्हिडिओ, त्यातलेही बरेच जीपीएस बंद कसा करायचा हे दाखवणारे. चालू कसा करायचा, बिघाड कसा ओळखायचा, हे सांगणारं मराठीत एक पानही मला मिळालं नाही.

शेवटी आमच्या इथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर माझ्यासोबत बसले. दोन रात्री बसले. त्यांना वायरिंग येत नव्हतं आणि मला इंग्रजी. शोधता शोधता पुण्याच्या एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, या संस्थेच्या संकेतस्थळावर एक दस्तऐवज सापडला. एआयएस-१४०. ट्रॅकिंग यंत्र आणि इमर्जन्सी बटण कसं असावं याचं देशाचं मानक. फुकट उतरवून घेता येतं. सर वाचत होते, मी ऐकत होतो. एका ठिकाणी ते म्हणाले, "बटण नॉर्मली क्लोज्ड प्रकारचं असावं, असं लिहिलंय. म्हणजे काय हो?"

मी उठून उभाच राहिलो. एनसी! हे मला आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला दोन बटणं असतात. हिरवं दाबलं की सर्किट जुळतं, ते नॉर्मली ओपन. लाल बटण एरवी जुळलेलंच असतं, दाबलं की तुटतं आणि मोटर बंद होते, ते नॉर्मली क्लोज्ड. म्हणून लाल बटणाची तार तुटली तर मोटर चालूच होत नाही. आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी हे जाणतो. पावसाळ्यात स्टार्टर उघडून बोटाने दाखवतो, "हे लाल बटनाची तार गेली."

मिनीबसमधलं बटणही तसंच होतं. सगळी बटणं एका साखळीत जोडलेली, एरवी सर्किट जुळलेलं. कुणी बटण दाबलं की ते तुटतं, आणि ते तुटलं की यंत्र समजतं, गाडीत कुणीतरी संकटात आहे. हे असं मुद्दाम केलं आहे. एखाद्या गुंडाने आधीच तार कापून ठेवली तरी इशारा जावा म्हणून. मी तार कापली तेव्हा यंत्राच्या हिशेबी बटण कायमचं दाबलेलं राहिलं. ते बरोबर वागत होतं. ते ओरडून मदत मागत होतं आणि मी त्याचा फ्यूज काढला.

'हे स्टार्टरच्या लाल बटणासारखं आहे' एवढं एक वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी दहा मिनिटांत उंदराने खाल्लेली तार जोडून दिली असती. ते वाक्य सांगू शकणारी माणसं विदर्भात नाहीत असं कसं म्हणू? तुम्ही सगळे आहात. माझ्या दुकानापासून दीडशे-दोनशे किलोमीटरच्या आत वाहतूक अभियांत्रिकीत एम.टेक. शिकवणारे प्राध्यापक आहेत. पण माझा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचायची वाट नव्हती आणि आजही नाही. ती वाट तुम्ही काढावी, एवढ्यासाठी हे पत्र.

गाड्यांत हा डबा आणि बटण लावायचा नियम का आला हे तुम्ही जाणताच. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत चालत्या बसमध्ये जे घडलं, त्यानंतर प्रवासी गाड्यांमध्ये ट्रॅकिंग आणि इमर्जन्सी बटण असावं ही मागणी जोर धरू लागली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम आला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना हे यंत्र सक्तीचं झालं. तीनचाकी आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे आता गावोगावच्या काळीपिवळीत, मिनीबसमध्ये, टॅक्सीत हा डबा आहे. तो बसवणारा एकदा येऊन जातो. त्यानंतर उंदीर, धूळ, मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन, पावसाळ्यात छतातून गळणारं पाणी, आणि वायर ओढून त्यावर टेपरेकॉर्डर वाजवणारा क्लीनर, हे सगळं माझ्यासारख्याच्या दारात येतं.

दुसरी गोष्ट मागच्या वर्षीची. तिचं मला पहिलीपेक्षाही जास्त वाईट वाटतं, कारण तिच्यात एका माणसाची रोजी गेली.

आमच्या भागातला एक ड्रायव्हर सकाळी सातला मास्तरांना गावोगावच्या शाळांत सोडायला मिनीबस घेऊन निघायचा. मालक यवतमाळला राहतो. एक दिवस मालकाने यंत्राच्या नोंदींचा कच्चा तक्ता मागवला आणि त्याला दिसलं की गाडी रोज रात्री १:३० ला सुरू होते आणि २:५० ला थांबते. मालक भडकला. रात्री चोरून भाडं मारतो म्हणून त्याने ड्रायव्हरला फोनवरच काढून टाकलं. ड्रायव्हर माझ्याकडे आला. पन्नाशीचा माणूस, कपाळावर घाम. "भाऊ, देवाशपथ, मी रातच्याले गाडी हालवलीच नाई. घरच्यासमोर उभी असते. पोट्ट्यायले विचारा. मंग हे मशीन खोटं कायले बोलते?"

मी तो तक्ता त्याच्या मोबाईलवर पाहिला. एक गोष्ट खटकली. रविवारच्या तारखेला रात्री १:३० ची नोंद नव्हती. चोरून भाडं मारणारा माणूस रविवारीच सुट्टी का घेईल? आणि सकाळी सात ते आठ-वीस या वेळेत गाडी थांबलेली दाखवत होती, जेव्हा ती रोज माझ्या दुकानासमोरून जाताना मी स्वतः बघतो. काहीतरी सरकलं आहे हे कळलं, पण काय ते मला सांगता आलं नाही. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, मशीन उपग्रहावरून चालतं, तुमच्या डोळ्यांवर चालत नाही.

एकोणीस दिवसांनी आमच्या गल्लीतला नागपूरला शिकणारा पोरगा सुट्टीत घरी आला. त्याने तक्त्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "काका, ही यूटीसी वेळ आहे." उपग्रहाकडून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. आपलं घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. यंत्र नोंद पाठवतं ती त्याच जागतिक वेळेत. सात वाजता निघालेली गाडी तिथे दीड वाजता निघालेली दिसते. आठ-वीस म्हणजे दोन-पन्नास. सगळा हिशेब मिनिटासकट जुळला. मालकाने फोन करून माफी मागितली आणि परत बोलावलं. पण तोपर्यंत त्या ड्रायव्हरने दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन सोंगायला रोजीने जायला सुरुवात केली होती आणि गावात त्याच्या नावाने जे बोललं गेलं ते काही परत घेता आलं नाही.

साडेपाच तास मिळवायचे. एवढंच माहीत असायला हवं होतं. मालकाला नव्हतं, ड्रायव्हरला नव्हतं, मला नव्हतं.

सर, मॅडम, यंत्रं आमच्याकडे आली आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीपासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि आज आमच्या खेड्यातला पिकअपवालाही टॅग वापरतो. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाणा जिल्ह्यांतून जातो. अपघात झाला की पोलीस आता जागेवरच मोबाईलमध्ये नोंद भरतात. ती आयआरएडी नावाची अपघात नोंदवही आयआयटी मद्रासने तयार केली, केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक विभागाने राबवली, आणि पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. इंग्रजीत या सगळ्याला मिळून आयटीएस म्हणतात, इंटेलिजंट ट्रान्सपोर्टेशन सिस्टिम. नाव मोठं आहे, पण रोजच्या कामात ते आमच्या हातात तारा, फ्यूज, सिम आणि अँटेना म्हणूनच येतं.

आपल्याच नागपुरात २०२१ मध्ये आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. नागपूर महापालिका, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल आणि महिंद्रा यांनी मिळून शहर बसमध्ये असे कॅमेरे बसवले की समोर धडक होणार असं दिसलं तर ते ड्रायव्हरला आधीच आवाज देतात. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट दुसरी वाटते. जिथे हा आवाज वारंवार होतो ती जागा नकाशावर धरून ठेवायची. अपघात अजून झालेला नसतो, पण होण्याच्या बेतात असतो, म्हणून तिला करडी जागा म्हणायचं. राष्ट्रीय महामार्गावर ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघाताची धोक्याची जागा, ठरायला साधारण पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात व्हावे लागतात, किंवा दहा माणसं मरावी लागतात. करडी जागा माणूस मरायच्या आधी सापडते. आमच्या करंजीच्या फाट्यावर कुठे ब्रेक लागतात, कुठल्या वळणावर संध्याकाळी बैलगाडी अचानक समोर येते, हे इथला प्रत्येक काळीपिवळीवाला सांगेल. तुमच्याकडे मोजायची रीत आहे, आमच्याकडे माहिती आहे. दोन्ही एका टेबलावर यायला काय अडचण आहे, मला खरंच दिसत नाही.

मी जे शोधलं त्यातून एक कळलं, की ज्ञान लपवलेलं नाही. एआरएआयची मानकं मोफत आहेत. पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, सीआयआरटी, १९६७ पासून प्रवासी वाहतुकीतल्या लोकांना शिकवते आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची तिरुवनंतपुरमची शाखा सिग्नल आणि वाहतूक नियंत्रणाची यंत्रं देशात तयार करते. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वाहतूक अभियांत्रिकीचे धडे फुकट ऐकता येतात. आणि अमेरिकेच्या परिवहन खात्याची एक पद्धत वाचून मी कितीतरी वेळ तिचाच विचार करत होतो. त्यांनी आयटीएसच्या कामात अडलेल्या माणसासाठी 'पीअर-टू-पीअर' म्हणून कार्यक्रम चालवला. एखाद्या छोट्या काउंटीतल्या अधिकाऱ्याला सिग्नल किंवा बस ट्रॅकिंगमध्ये काही अडलं, तर तेच काम आधी केलेला दुसऱ्या गावातला माणूस त्याला जोडून द्यायचा. विकणारा नाही, करून बसलेला. सोबत शिकवणीचं साहित्य सगळ्यांना खुलं.

हे आपल्याकडे जमणार नाही असं कुणी म्हणू नये, कारण शेतीत आपण ते केलं आहे. किसान कॉल सेंटर २००४ पासून आहे. शेतकरी फोन उचलतो, मराठीत विचारतो, पाने पिवळी पडली तर काय करू, आणि त्याला मराठीत उत्तर मिळतं. जिल्ह्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हापासून अळीचे पतंग पकडणारा कामगंध सापळा कसा लावायचा याची चित्रांसकट पत्रकं मी कृषी केंद्राच्या भिंतींवर बघतो. शेतकऱ्याला फेरोमोन हा शब्द पाठ करावा लागला नाही. कुणीतरी त्याच्यासाठी 'कामगंध' शब्द शोधला आणि चित्र काढलं. ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांच्यासाठी असं कुणी बसलेलं नाही.

मी तुमच्याकडे मोठी योजना मागत नाही. इमारत नको, निधी नको. मागायचं ते मी दुकानात बसून बरेच दिवस घोळवलं आहे.

पहिलं म्हणजे, एका कागदावर दोन्ही बाजूंनी मावेल एवढं मराठीतलं पत्रक काढून द्या. ट्रॅकिंगच्या डब्याचं. बटण एनसी आहे, तार कापू नका, स्टार्टरचं चित्र काढून दाखवा. अँटेना पत्र्याखाली किंवा टेपरेकॉर्डरच्या मागे दडवू नका, तिला आकाश दिसलं पाहिजे, कारण जागा ठरवायला कमीत कमी चार उपग्रह लागतात. नोंदीतल्या वेळेत साडेपाच तास मिळवा. टिपेश्वरच्या जंगलातल्या रस्त्याला किंवा तिकडे धारणी, भामरागडकडे नेटवर्क गेलं तर घाबरू नका, मानकाप्रमाणे यंत्रात किमान चाळीस हजार नोंदी साठतात आणि रेंज आली की त्या पाठवल्या जातात. मुख्य बॅटरी काढली तरी आतली बॅटरी निदान चार तास चालली पाहिजे, ती दहा मिनिटांत संपत असेल तर ती गेली आहे. हे सगळं मानकात लिहिलेलं आहे, मी फक्त आमच्या भाषेत मागतो आहे. लॅमिनेशनचा खर्च मी करतो. पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव, वणी, झरी, एवढ्या ठिकाणच्या वायरिंगवाल्यांच्या दुकानांत मी स्वतः नेऊन लावतो.

दुसरं, आठवड्यातून एक तास फोनवर एक माणूस बसवा. कुठल्याही एका कॉलेजचा, आळीपाळीने. शनिवारी दुपार आमच्यासाठी बरी, बाजाराचा दिवस नसला की काम हलकं असतं. जो प्रश्न येईल तो वहीत लिहा, उत्तर त्याखाली लिहा, आणि ती वही सगळ्या कॉलेजांत फिरू द्या. वर्षभरात त्या वहीत जे जमेल ते कुठल्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. "बघतो, पुढच्या शनिवारी सांगतो" म्हणणारा माणूस आहे, एवढं कळलं तरी मी फ्यूज काढणार नाही.

आयटीआयच्या शिक्षकांना एक वेगळी विनंती. तुमच्याकडे मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स हा ट्रेड आहे. पोरं सेल्फ, अल्टरनेटर छान खोलतात. त्यांच्या हातात एकदा हा डबा द्या. माझ्या दुकानात दोन पोट्टे शिकायला आहेत, दोघेही आयटीआयचे, हुशार आहेत. अँटेनाची केबल कापून जोडायची नसते हे त्यांना मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि मला ते माहीत झालं एक केबल खराब केल्यावर.

आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी एक काम सुचवतो. इथे मी थोडा लांबणार आहे, कारण हे माझ्या मनाजवळचं आहे.

आमच्याकडे गाडीचे थांबे म्हणजे स्टँड नाही, फाटे आहेत. चिंचेच्या झाडाचा फाटा, जुन्या जिनिंगचा फाटा, पुलाजवळचा फाटा. निम्मे फाटे कुठल्याच नकाशात नाहीत. जे आहेत त्यांची नावं चुकीची. म्हातारी बाई दवाखान्यात जायला फाट्यावर येते आणि तिला माहीत नसतं गाडी गेली की यायची आहे. ती झाडाखाली बसते. एक तास, दोन तास. जगात गाड्यांचं वेळापत्रक एका साध्या रीतीने लिहितात, जीटीएफएस म्हणतात तिला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बससेवेने गुगलसोबत ती सुरू केली, आणि आज जगभर तीच चालते. दिल्लीने २०१८ मध्ये आपल्या बसची माहिती त्याच रीतीने खुली केली. मी ती फाइल उघडून पाहिली आणि मला आश्चर्य वाटलं. आत काहीही अवघड नाही. साध्या मजकुराच्या काही फाइली आहेत. एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत कुठल्या थांब्यावर किती वाजता. मधे स्वल्पविराम. किराणा दुकानदार उधारी लिहितो तशी.

त्यातल्या थांब्यांच्या फाइलीत प्रत्येक थांब्याचे अक्षांश-रेखांश लागतात, आणि तिथेच आमचं गाडं अडतं, कारण आमचे फाटे कुणी मोजलेच नाहीत. पोरांचा एक गट एका तालुक्यात चार रविवार आला, काळीपिवळीत ड्रायव्हरशेजारी बसला, प्रत्येक फाट्यावर मोबाईलने जागा टिपली आणि ड्रायव्हरच्या तोंडून नाव लिहून घेतलं, की काम झालं. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून भरायच्या नकाशावर ते मराठी नावासकट चढवता येतं, पैसे लागत नाहीत. नाव मात्र ड्रायव्हर म्हणतो तेच लिहायचं. एकदा ते झालं की पुढे त्यावर वेळा लावता येतील, ट्रॅकिंगच्या डब्यातून गाडी कुठे आहे ते दाखवता येईल, आणि त्या म्हातारीच्या नातवाला मोबाईलवर बघून सांगता येईल, "आजी, अजून अर्धा तास आहे, घरीच बस." पोरांना राहायला जागा लागली तर माझ्या दुकानाच्या वरची खोली रिकामी आहे. पंखा आहे, पाणी आहे. जेवण आमच्या घरी.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की आम्हाला गावातल्या बिघाडांची माहिती नाही, आम्ही काय उत्तर देणार. मला तो संकोच समजतो. पण मिनीबसचा तो प्रश्न तुमच्यातल्या कुणालाही एका मिनिटात सुटला असता. आणि जे सुटणार नाही ते आपण मिळून उघडून बघू. माझ्याकडे बंद पडलेले सात डबे पडून आहेत, मालकांनी टाकून दिलेले. वेगवेगळ्या बनावटीचे. त्यातला एक पाण्यात भिजलेला, एक उलट्या बॅटरीने जळलेला, एकाची सिमची मुदत संपलेली, बाकीच्यांचं अजून कळलेलं नाही. तुमच्या प्रयोगशाळेला हवे असतील तर घेऊन जा. परत नाही दिले तरी चालतील.

त्या मिनीबसचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ज्या रात्री सरांनी ती ओळ वाचली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकाच्या घरी गेलो आणि गाडी तिथेच उभी असताना तार सोल्डर केली, वरून स्लीव्ह चढवली, उंदीर पुन्हा खाऊ नये म्हणून पट्टीच्या पाइपातून ओढली, फ्यूज बसवला. मग एकेक बटण दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी मालकाचा मोबाईल वाजला. पैसे घेतले नाहीत. भाचीला अजून हे सांगितलेलं नाही. या पत्रातून कळेल.

आता वहीतला पहिला प्रश्न माझ्याकडून लिहून घ्या. एका चोवीस व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारला की व्होल्टेज खाली जातं आणि डबा बंद होऊन पुन्हा चालू होतो. मी तपासलं, त्याची आतली बॅटरी मेली आहे. तशीच नवी बॅटरी मला नागपूरला मिळते, बदलायला वीस मिनिटं लागतील. पण डबा सीलबंद आहे आणि त्यावर मान्यतेचा नंबर आहे. सील उघडून मी बॅटरी बदलली तर यंत्राची मान्यता टिकते का, की ते काम कुणाकडून करून घ्यावं लागतं? गाडी दुकानात उभी आहे. ड्रायव्हर रोज विचारून जातो. पासिंग पुढच्या महिन्यात आहे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
पांढरकवडा, जि. यवतमाळ